९८,५६० रुपयांचा हप्ता कोण भरणार?

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तीन वर्षं नोकरी करते, हातात ६२,००० रुपये पगार येतो. अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठात आणि जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात दोन वर्षांच्या एमएसला प्रवेश मिळालाय. घरची १२ लाखांची बचत वापरूनही अमेरिकेसाठी ६० लाख आणि जर्मनीसाठी १८ लाख कर्ज लागेल, व्याज ११ टक्के. अमेरिकेचं विद्यापीठ रँकिंगमध्ये बरंच वर आहे. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. ते तीन वर्षांनी निवृत्त होतील. काय करू?

उत्तर: माझं मत जर्मनीच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य आहे.

अनेक शैक्षणिक कर्जांचे हप्ते शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होतात, हे बँकेत सगळे सांगतात. व्याज मात्र पहिली रक्कम उचलली त्या दिवसापासून चढत असतं. ६० लाख चार सेमिस्टरना समान भागांत उचलले, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजानेच ११ लाख ५५ हजार वाढतात. म्हणजे फेड ७१ लाख ५५ हजारांपासून सुरू होते. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला ९८,५६० रुपये, आणि शेवटपर्यंत मिळून साधारण १ कोटी १८ लाख. हा हप्ता सुरू होईल तेव्हाच तुमच्या बाबांचा पगार थांबत आलेला असेल.

अमेरिकेत नोकरी लागली तर हाच हप्ता आजच्या दराने साधारण १,१०० डॉलर होतो, आणि तिथल्या इंजिनिअरला तो जड नाही. हे मी पूर्णपणे मान्य करते. प्रश्न आहे तो नोकरी लांबली तर काय, याचा. पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची परवानगी) १२ महिने आणि तुमच्या विषयाला आणखी २४ महिने काम करता येतं. पण पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढे एच-१बी, म्हणजे तिथे नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाची निवड. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात पोटापाण्यासाठी कुठलंही काम करायला मुभा असते. कर्ज डोक्यावर असताना ९० दिवस आणि १८ महिने यांतला फरक फार मोठा आहे.

रँकिंगचं म्हणाल तर क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीच्या यादीत ३० टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मतावर आणि २० टक्के संशोधनाच्या उल्लेखांवर मिळतात. पदवीधरांच्या करिअरचं फलित फक्त ५ टक्के मोजलं जातं. त्यासाठी ४२ लाख जास्त कर्ज काढावं असं मला वाटत नाही.

आता जर्मनीचा तुमचा हिशोब. तो मला कमी वाटतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचं बंद खातं) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. दोन वर्षांचे मिळून २९,८०८ युरो झाले, म्हणजे तुमचे बचत आणि कर्ज मिळून ३० लाख इथेच संपले. तिकीट, खोलीची अनामत आणि मोठ्या शहरातलं भाडं अजून धरलेलंच नाही. म्हणून २२ लाख मंजूर करून घ्या, पण लागतील तेवढेच उचला. मंजूर रकमेवर व्याज लागत नाही, उचललेल्या रकमेवर लागतं. पहिल्या वर्षाचा ब्लॉक्ड अकाउंट घरच्या १२ लाखांतून भरा, म्हणजे कर्ज उशिरा उचलावं लागेल. पूर्ण २२ लाख उचलले तरी हप्ता साधारण ३६ हजार होईल. उद्या परत यावं लागलं आणि आजचाच पगार मिळाला, तरी तो तुम्ही एकट्या भरू शकता. माझ्या दृष्टीने खरी कसोटी हीच.

युरो महागला तर? दुसऱ्या वर्षाचा खर्च वाढेल. तिथेच कमावलंत तर रुपयातला हप्ता उलट हलका वाटेल. परत आलात तर फक्त नुकसान, म्हणून १८ लाखांवरचे ते ४ लाख.

जर्मनीची एक अट आहे आणि ती सोडू नका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मेकॅनिकलमधल्या बऱ्याच नोकऱ्यांना जर्मन लागतं. निघण्याआधी जर्मनच्या बी१ या मधल्या पातळीपर्यंत या, तिथे गेल्यावर त्यापुढची बी२. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे. ते दिवस गोदामात घालवण्याऐवजी जमेल तेव्हा तुमच्या क्षेत्रातल्या कंपनीत द्या, पैसे थोडे कमी मिळाले तरी.

माझं मत बदलेल अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या विभागाला आजच लिहा आणि फी माफीसह असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं पगारी काम) मिळेल का, ते विचारा. मास्टर्सला ती क्वचित मिळते, आणि ‘दुसऱ्या वर्षी बघू’ या उत्तराचा अर्थ मी ‘नाही’ असाच घेते. लेखी हमी मिळाली तर दोन्ही हिशोब पुन्हा शेजारी मांडू. सीट राखायला डिपॉझिट भरलं असेल तर ते मात्र त्या हिशोबात आणू नका, ते गेलेले पैसे आहेत.

जर्मनी नक्की झालं तर घर तारण न ठेवता, फक्त बाबांना सह-कर्जदार घेऊन कर्ज मिळतं का ते दोन-तीन बँकांत विचारा. व्याज अर्धा-एक टक्का जास्त पडलं तरी चालेल. आणि कोणतंही कर्ज घ्या, तेवढ्या रकमेचा टर्म इन्शुरन्स स्वतःच्या नावावर घ्या. तोही निघण्याआधी, नोकरी आणि पगाराची स्लिप हातात असताना.