लहान क्लबकडून खेळणे म्हणजे खाली उतरणे आहे का?

आपण विचारले आहे की, आपला 19 वर्षांचा मुलगा एका मोठ्या क्लबच्या राखीव संघात आहे, खालच्या श्रेणीतील एका लहान क्लबने त्याला थेट पहिल्या संघासाठी बोलावले आहे आणि नातेवाईक याला घसरण म्हणत आहेत. अशा क्लबचा व्यावसायिक खेळाडूला खरोखर अभिमान वाटतो का, आणि तिथे त्याचा खेळ वाढतो का? मी वडोदऱ्यातील दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालो, सहा वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळलो आणि आता याच शहरात मुलांना शिकवतो. दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्याला काही अटी आहेत आणि त्या शेवटी सांगतो.

मीही दोन हंगाम एका मोठ्या क्लबच्या राखीव संघात होतो. हिरवळ उत्तम होती, जेवण वेळेवर मिळे, स्नायू आखडला तर फिजिओ लगेच हजर असे. ज्या शहराने विजय हजारे पाहिले, त्या क्रिकेटवेड्या शहरात माझी आई तो गणवेश घातलेला माझा फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे. त्या दोन वर्षांत पहिल्या संघाकडून मी एक मिनिटही खेळलो नाही. सरावाला मी एखाद्या दिवशी गेलो नसतो, तर माझ्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला असता आणि सराव तसाच पुढे चालला असता. मला त्या क्लबचा अभिमान वाटत होता, पण तो क्लब मोठा आहे याचा. त्याच्या मोठेपणात माझा काही वाटा नव्हता. तिसऱ्या वर्षी मी दुसऱ्या श्रेणीतील एका लहान क्लबकडे गेलो, तेव्हा हा फरक मला पहिल्यांदा कळला.

मी डावा बचावपटू. राखीव संघात माझ्यासमोर बहुधा माझ्याच वयाची, माझ्यासारखीच वेगावर विसंबणारी मुले असत. नव्या क्लबच्या दुसऱ्याच सामन्यात माझ्या बाजूला तिशी ओलांडलेला एक आघाडीवीर आला. त्याच्या पायांत वेग उरला नव्हता, पण उजवीकडून क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, येणार हे ओळखून तो माझ्या पाठीमागे, माझ्या नजरेबाहेर जाऊन उभा राहत असे. मी चेंडूकडे पाहत राहिलो आणि त्याने दूरच्या खांबापाशी हेडरने गोल केला. आम्ही तो सामना हरलो. मोठ्या क्लबमध्ये अशा चुकीनंतर काही महिने संधी मिळाली नसती. इथे प्रशिक्षकांनी आठवडाभर रोज सराव संपल्यावर मला थांबवून घेतले, उजवीकडून दुसऱ्यांना चेंडू मारायला लावले आणि चेंडू हवेत असताना मान वळवून आपला माणूस कुठे आहे हे दोनदा पाहण्याची सवय लावली. पुढच्या शनिवारी त्यांनी मलाच पुन्हा उतरवले, कारण त्यांच्याकडे दुसरा डावा बचावपटू नव्हताच. त्या अपुरेपणाने मला घडवले, हे मी आजही मनापासून मानतो. बचावपटूची समज चुकांवरच वाढते, आणि चूक सुधारण्याची संधी आठवड्याच्या आत मिळाली, तरच ती सुधारणा अंगात मुरते.

शिवाय लहान संघ अनेकदा आघाडी टिकवण्यासाठी खेळतो. शेवटची 15 मिनिटे बचावफळीने किती मागे सरकायचे, चेंडू कधी सरळ बाहेर मारायचा, थकलेल्या मध्यरक्षकाला कोणत्या आवाजात हाक मारायची, हे कोणत्याही सरावात शिकवता येत नाही.

अभिमानाबद्दल. माझे मामा कोल्हापूरचे. त्यांच्यामुळे शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने मी लहानपणीच पाहिले होते. पाटाकडील तालीम मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब या तिथल्या संघांच्या सामन्याला लोटणारी गर्दी पाहिलेल्या माणसाला क्लब लहान की मोठा हा प्रश्न वेगळ्याच रीतीने पडतो, कारण तिथे संघ म्हणजे पेठ आणि खेळाडू म्हणजे घरचा मुलगा. मला ते नाते पुढे माझ्या क्लबमध्ये लाभले. गोलरक्षकाचे हातमोजे फाटले, तर कोणी तरी दुकानदार नवे आणून देत असे; सामना हरल्यावर चहाच्या टपरीवर मला माझ्या चुकीचा जाब द्यावा लागत असे, आणि जिंकल्यावर त्याच टपरीवर चहाचे पैसे घेतले जात नसत. मी नसलो तर सामन्याला येणाऱ्या बाराशे लोकांना ते जाणवणार, ही जाणीव मला मोठ्या क्लबच्या गणवेशाने कधी दिली नव्हती.

नातेवाईकांशी बोलताना आघाडीवीर जेमी वार्डीचे उदाहरण आपल्याला कोणीही देईल: 2012 मध्ये इंग्लंडच्या पाचव्या श्रेणीतून लेस्टर सिटी या क्लबने घेतलेला आणि 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला. मला मात्र मिझोरमच्या ऐझॉल क्लबचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. 2015-16 च्या हंगामात हा क्लब आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला होता; गोव्याचे काही क्लब स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा स्थान मिळाले. मुंबईतून बाहेर पडलेले प्रशिक्षक खालिद जमील तिथे गेले आणि मुंबईचे जयेश राणे व आशुतोष मेहता हे खेळाडूही तिथे खेळले. 2017 च्या एप्रिलमध्ये त्यांनी ऐझॉलमध्ये मोहन बागानला 1-0 असे हरवले, शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी साधली आणि 37 गुणांसह विजेतेपद पटकावले. मोहन बागानचे 36 गुण होते. राणे आणि मेहता पुढच्याच हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये खेळले, तर खालिद जमील 2025 मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबईहून ऐझॉलला जाणे तेव्हा अनेकांना घसरणच वाटली असेल.

आता अटी. सर्वच लहान क्लब असे नसतात, आणि ज्या क्लबमध्ये पगार तीन-तीन महिने थकतो तिथे अभिमानाच्या गोष्टी ऐकून मुलाला पाठवू नये. करार लेखी असावा, त्याची नोंद भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत झालेली असावी आणि दुखापतीचा खर्च कोण करणार हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे. प्रशिक्षकांकडे महासंघाचा परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. मुलाच्या जागेवर आणखी किती खेळाडू आहेत, हेही विचारावे. तिथेही तो राखीव बाकावरच बसणार असेल, तर जाण्याचा हेतूच उरत नाही. उद्या वरचा क्लब बोलावेल तेव्हा करार संपण्याआधी जाऊ देण्यासाठी द्यावी लागणारी सुटकेची रक्कम किती, हे आजच ठरवावे. यात क्लबचेही हित असते: फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतील 5 टक्के वाटा खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो, त्यामुळे चांगला चालवलेला लहान क्लब खेळाडूला वाढवून पुढे पाठवण्यासाठी मनापासून झटतो.

आणि सही करण्यापूर्वी एकदा मुलाला न सांगता आपण स्वतः त्या क्लबच्या घरच्या मैदानावर एक सामना पाहून या. मान्यवरांच्या खुर्च्यांवर बसू नका, गोलमागच्या लोकांमध्ये उभे राहा. संघ हरत असताना ऐंशीव्या मिनिटाला ते लोक थांबलेले आहेत का आणि खेळाडूंना नावाने हाक मारतात का, तेवढे पाहा.