पाझर आत जातो की बाहेर येतो?

प्रश्न असा आहे: ‘पाझर तलावा’तलं पाणी जमिनीत उतरतं, पण दगडाला पाझर फुटतो तेव्हा ते बाहेर येतं. मग पाझर नेमका कुठल्या दिशेचा? आणि झरा त्याहून वेगळा का?

मूळ धातू संस्कृत ‘क्षर्’, म्हणजे गळणे, स्रवणे. जैन आचार्य हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात त्याला जे पर्याय दिलेत, त्यांत ‘झर’ आणि ‘पज्झर’ शेजारीशेजारी बसलेत. अज्जचं आज झालं, कम्मचं काम झालं, त्याच चालीने पज्झरचा पाझर. म्हणजे झरा आणि पाझर ही सख्खी भावंडं. (‘अक्षर’ही त्याच घरातलं, जे झरून जात नाही ते.) धातूत दिशा नाहीच, नुसतं गळणं आहे.

दिशा लावतो खडक. महाबळेश्वरचा माथा घ्या. वर भोकाभोकांचा जांभा, पावसाचं पाणी त्यातून मुकाट खाली उतरतं. हा आत जाणारा पाझर. जांभ्याखाली बेसाल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे, थरावर थर. भेगाळलेला थर पाणी घेतो. पण सलग कातळ लागला, किंवा दोन थरांमधली तांबडी चिकण माती आडवी आली, की पुढची वाट बंद. मग पाणी तिथेच साठतं, आडवं सरकत जातं आणि डोंगरउतार जिथे त्या थराला कापतो तिथे उजेडात येतं. कड्यावर नुसती ओल धरून ठिबकलं तर तोही पाझरच, बाहेर येणारा. तेच पाणी एका भेगेत गोळा होऊन धार धरू लागलं की झरा.

माझ्या मते फरक एवढाच: झऱ्याला तोंड असतं, पाझराला नसतं. म्हणून विहिरीला ‘चांगले तीन झरे आहेत’ असं मोजून सांगता येतं. पाझर मोजत नाहीत, तो ‘आहे’ किंवा ‘आटला’. पाझर तलाव हे नावही त्यामुळे चपखल वाटतं. तिथलं पाणी तळभर मुरतं, कुठल्या एका वाटेने जात नाही.

आणखी एक शब्द जाता जाता. पाणी फार खोल उतरून तापून वर आलं, तर त्या गरम झऱ्याला मराठीत ‘उन्हाळे’ म्हणतात, नपुंसकलिंगी. उष्णचं उण्ह, उण्हचं ऊन. पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे: तिन्ही ठिकाणी गरम पाण्याची कुंडं आहेत, ऋतूचा काही संबंध नाही.