डीएनडी लावूनही फोन येतात आणि वर बिलाची धमकी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. डीएनडी (म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) लावूनही लोनवाल्यांचे रोज सात-आठ फोन येतात, कंपनी म्हणते तुम्हीच फॉर्मवर संमतीची टिक केलीय, आणि आता पोस्टाने पाकीट आलंय की तुमची मेंबरशिप सुरू केली, १५ दिवसांत नको म्हणून कळवलं नाही तर बिल भरावं लागेल.

आधी पाकिटाचं बोलू, धास्ती त्याचीच घेतलीय तुम्ही. एक पैसाही भरू नका. आपण गप्प राहिलो म्हणजे होकार दिला असं होत नाही, १८७२ च्या करार कायद्यात स्वीकार स्पष्ट लागतो. १८६२ मध्ये इंग्लंडात एका काकाने पुतण्याला लिहिलं होतं की उत्तर आलं नाही तर तुझा घोडा माझा झाला असं समजेन, कोर्टाने ते मानलं नाही, आणि आजही वकील तीच केस सांगतात. तुम्ही फोनवर "हो हो, माहिती पाठवा" एवढंच म्हणालात ना, मग होकार फक्त माहितीला दिला, मेंबरशिपला नाही. तरीपण "मी मेंबरशिप घेतलेली नाही" असा एका ओळीचा मेल टाकून द्या आणि पाकीट शिक्क्यासकट जपून ठेवा, उद्या वसुलीचा फोन आला तर हाच पुरावा कामाला येईल.

आता फोनचं. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१८ च्या नियमांत खरंच असं आहे की तुम्ही स्वतः संमती दिली असेल तर त्या कंपनीपुरता डीएनडी चालत नाही. पण दिलेली संमती काढून घेता येते, आणि एकदा काढली की ९० दिवस ती कंपनी परत मागूसुद्धा शकत नाही. हे लोकांना कुणी सांगतच नाही, त्याचा मला फार राग येतो.

शिवाय तुम्हाला फोन साध्या दहा आकडी मोबाईलवरून येतायत. जाहिरातीचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवा, म्हणजे मुळात तिथेच नियम मोडलाय. नुसतं ब्लॉक करू नका, ब्लॉक केल्याने त्यांचं काहीच बिघडत नाही, ते दुसऱ्या नंबरवरून करतात. नंबर, तारीख आणि काय बोलले ते लगेच वहीत लिहा आणि ७ दिवसांच्या आत १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करा. २०२५ च्या दुरुस्तीनंतर १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या तरी कारवाई होते, पहिल्यांदा त्यांचं आउटगोइंग १५ दिवस बंद आणि परत केलं तर कनेक्शनच वर्षभर बंद. म्हणून घरात ज्यांना ज्यांना त्याच नंबरवरून फोन आले त्या प्रत्येकाने तक्रार टाका. फोनवरच्या पोरीला मात्र ओरडू नका, ती नोकरी करतेय, तिला फक्त कंपनीचं नाव विचारा.

फॉर्मवाल्यांनी तुमचा नंबर बाहेर दिला असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विश्वासाने दिलेली खाजगी माहिती उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फॉर्मची झेरॉक्स किंवा फोटो असेल तर मला पाठवा, टिकच्या शेजारी नक्की काय छापलंय ते बघून नोटीस कुणाला काढायची ते सांगतो.