अस्तंभा, यात्रा नसताना: आधी पाण्याचं बघा

"डिसेंबरअखेर आम्ही तिघं अस्तंभ्याला जातोय, यात्रेचे व्हिडिओ पाहिलेत, वाटेत खाण्यापिण्याची सोय दिसते." तुमचं हे वाक्य वाचलं आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यातल्या याच शिखराच्या वाटेवरचा माझा 2017 चा जानेवारी आठवला.

बूट, टॉर्च तुम्ही घ्यालच. पण ते व्हिडिओ धनत्रयोदशीच्या सुमाराचे आहेत. तेव्हा अश्वत्थाम्याच्या दर्शनाला तळोद्याकडून हजारो माणसं रात्रीची चालत येतात. वाट चुकू म्हटलं तरी चुकत नाही. एरवी तिथे चिटपाखरू नसतं. आम्ही निघण्याआधी एका सरकारी कार्यालयात (नाव घेत नाही) दोनदा फोन केला. "वाट मळलेली आहे, पाणी, दुकानं सगळं आहे, बिनधास्त जा." यात्रेचं वर्णन बारमाही म्हणून सांगितलं. तुम्ही स्वतः चढलात का, हे मी विचारलंच नाही. दोघांत मिळून दोन लिटर पाणी घेऊन निघालो.

ढोरवाटेने भलत्याच सोंडेवर गेलो. समोर शिखर, मध्ये दरी, बाटल्या रिकाम्या. वाळक्या गवतावरून बसत, घसरत उतरलो. खाली कुडाच्या घरातल्या आजींना मराठी येत नव्हतं. आमची तोंडं बघून त्यांनी हंडाच पुढे केला. ते पाणी त्यांनी झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं. आम्ही अर्धा हंडा संपवला. त्याची अजून लाज वाटते, आणि त्या कार्यालयाचा रागही येतो. "माहीत नाही, गावात विचारा" एवढं म्हणायला काय जात होतं?

पुढच्या वर्षी असली गावातला एक जण सोबत घेतला आणि नीट वर पोचलो. तुम्हीही तेच करा, पैसे आधी ठरवा, घासाघीस नको. पाणी माणशी चार लिटर. माझी माहिती जुनी आहे, त्यामुळे वाटेबद्दल गावकऱ्यांचंच खरं माना.

उंची 1325 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा तीनशेने कमी, म्हणून हलक्यात घेऊ नका. कळसूबाईला शिड्या आहेत, टपऱ्या आहेत. आणि हे अख्ख्या सातपुड्यातलं सर्वोच्च शिखर, असं तुम्ही लिहिलंय, पण ते तसं नाही. तो मान मध्य प्रदेशातल्या धूपगडाचा, 1350 मीटर. अस्तंभा महाराष्ट्रातल्या सातपुड्याचा माथा.

तळोद्याहून धडगावकडे गाडी नेणार असाल तर चांदसैली घाट उजेडी उतरा. तिघांपैकी सातपुड्यात आधी कोण चाललंय, तेवढं कळवा.