सर्व्हिस चालू होती, तरी डिस्क गेल्याचं कळलं नाही

प्रश्न : आमच्या फाइल सर्व्हरवर लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची सोय) दोन डिस्कचं मिरर आहे, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. त्यावर लक्ष ठेवणारी एमडीमॉनिटर सर्व्हिस पहिल्या दिवसापासून चालू आहे, आजही स्टेटस 'अ‍ॅक्टिव्ह' दाखवतं. परवा सहज रेडची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल पाहिली, तर 'यू यू'च्या (चालू डिस्कमागे एक 'यू') जागी एकच 'यू' आणि शेजारी आडवी रेघ. लॉगवरून कळलं, एक डिस्क चार महिन्यांपूर्वीच गेली आहे. मेल एकही आला नाही. सर्व्हिस बिघडली आहे का? नवी डिस्क आणली आहे, ती लगेच लावू का?

उत्तर : लगेच लावू नका, आधी बॅकअप घ्या. नवी डिस्क जोडली की रिबिल्ड, म्हणजे तिच्यावर सगळा डेटा उतरवणं, सुरू होतो आणि उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते. ती चार महिने एकटी ओझं ओढते आहे, आणि बहुधा गेलेल्या डिस्कच्याच वयाची आहे. वर्षभरात कोणी न वाचलेला एखादा भाग खराब असेल, तर ते नेमकं तेव्हाच उघड होतं. म्हणून डेटा दुसऱ्या मशीनवर उतरवा, त्यातल्या काही फाइली उघडून बघा, मग पुढचं.

सर्व्हिस बिघडली असेल असं मला वाटत नाही. तिने हाक मारली असणार, ती तुमच्यापर्यंत पोचली नाही. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर अगदी हेच घडलं होतं. पहाटे 3 वाजून 12 मिनिटांनी 'फेल' विषयाचा मेल निघाला होता आणि त्याच मशीनवरच्या रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिन खातं) मेलबॉक्समध्ये जाऊन पडला होता. तो मेलबॉक्स कोणी कधीच उघडलेला नव्हता, मीही नाही. ते पत्र वाचताना पोटात खड्डा पडला होता, तो अजून आठवतो.

रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडम प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'मेलअ‍ॅडर' नावाची ओळ असते, मेल कोणत्या पत्त्यावर जायचा ते सांगणारी. बऱ्याच ठिकाणी तिथे नुसतं 'रूट' लिहिलेलं असतं. खरा पत्ता घातला तरी मेल बाहेर नेण्याचं काम सेंडमेल किंवा त्याच्या जागी बसवलेला प्रोग्राम करतो. तो मशीनवर नसला किंवा नीट बसवलेला नसला की मेल तिथेच संपतो. 'अ‍ॅक्टिव्ह'चा अर्थ एवढाच, की प्रोसेस जिवंत आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही सर्व्हिस एका बिघाडाबद्दल साधारणपणे एकदाच मेल करते. डिस्क गेली त्या क्षणी 'फेल'चा मेल, आणि पुढे शांतता. 'डिग्रेडेड अ‍ॅरे'चा मेल येतो तो सर्व्हिसने एखादा डिस्कचा गट म्हणजे अ‍ॅरे पहिल्यांदा पाहिला आणि तो आधीच अधू होता, तर; म्हणजे बहुतेक वेळा रीस्टार्टनंतर. तुमचा सर्व्हर चार महिने बंदच झाला नसेल, तर दुसरी हाक आलीच नसणार. यावर उपाय सोपा आहे : एमडीअ‍ॅडम रोज सकाळी एकदा '--मॉनिटर --स्कॅन --वनशॉट' असं चालवा. अ‍ॅरे अधू असेल तोवर रोज मेल येत राहील.

याच कमांडला '--टेस्ट' जोडलंत की प्रत्येक अ‍ॅरेसाठी एक चाचणी मेल निघतो. तो तुमच्या फोनवर दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका. मी हे दर महिन्याच्या 1 तारखेला करतो. मेल आला नाही, तर हातातलं काम बाजूला ठेवून आधी ते शोधतो.

रिबिल्ड सुरू झाला, संपला, याचे मेल मात्र येत नाहीत. मेल येतो तो फेल, फेलस्पेअर (स्पेअर म्हणजे राखीव डिस्क), डिग्रेडेड अ‍ॅरे, स्पेअर्स मिसिंग आणि चाचणी यांचाच. बाकीच्या घटना हव्या असतील तर 'प्रोग्राम' या ओळीत तुमची स्क्रिप्ट द्या. घटनेचं नाव, अ‍ॅरे आणि लागू असेल तिथे डिस्क, एवढं तिला मिळतं.

पुढे कधी दुसरा अ‍ॅरे केलात, तर दोघांना एकच स्पेअर-ग्रुप द्या. एकाची डिस्क गेली आणि त्याच्याकडे स्पेअर नसली, तर ही सर्व्हिस दुसऱ्याकडची मोकळी स्पेअर स्वतः इकडे आणते. नुसती नजर ठेवण्यापलीकडचं तिचं हे काम फार कमी लोक वापरतात.

महिन्यातून एकदा पूर्ण अ‍ॅरे वाचणारा 'चेक'ही चालू आहे ना, पाहा. डेबियन या लिनक्समध्ये तो पहिल्या रविवारी होतो.

आता डिस्क बदलताना. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, त्यांच्या भरवशावर डिस्क उपसू नका. स्मार्टसीटीएलने (डिस्कची माहिती दाखवणारी कमांड) चालू असलेल्या डिस्कचा सिरियल नंबर काढा, कागदावर लिहा, आणि केस उघडल्यावर लेबलशी ताडून पाहा. तो नंबर ज्या डिस्कवर दिसेल, तिला हात लावायचा नाही.