जुन्या डिझेल गाडीत टेम्परेचरचा लाल दिवा अधूनमधून लागतो. रेडिएटर बदलू की हेड गॅस्केट?

तुमची गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली, नागपुरातच फिरते. एप्रिल लागल्यापासून टेम्परेचरचा लाल दिवा मधूनच लागतो आणि थोड्या वेळानं आपोआप जातो. एक मिस्त्री म्हणतो रेडिएटर (इंजिनाचं पाणी गार करणारी पुढची जाळी) गेला, दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील). तर भाऊ, दोघांनाही अजून पैसे देऊ नका. दिवा नेमका कधी लागतो हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि अर्धं निदान तिथंच आहे.

मी मेकॅनिक नाही, पण ह्याच दिव्यापायी एक थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि एक सेन्सर उगाच बदलून बसलोय. माझी जुनी डिझेल सेदान बर्डीला व्हरायटी चौकात सिग्नलला अडकली की दिवा लागायचा आणि वर्धा रोडला मोकळा रस्ता मिळाला की विझायचा. गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाणी. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी सदरमध्ये गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि एसी लावला. रेडिएटरचा फॅन ढिम्म. पान्याच्या दांड्यानं मोटरच्या पाठीवर दोनदा हलकं ठोकलं, तसा घुर्र करून फिरायला लागला! मोटरमधले कार्बन ब्रश झिजले होते. गार असताना चालायचे, तापले की अडकायचे. गॅरेजवाला सकाळी साडेदहाला गार गाडीचा फॅन बघून ‘फॅन ओके आहे साहेब’ म्हणायचा, त्यात त्याचंही काही खोटं नव्हतं. (तुम्ही करून बघाल तर हात, रुमाल, ओढणी पात्यांपासून लांब. हा फॅन किल्ली काढल्यावरसुद्धा अचानक सुरू होऊ शकतो.)

म्हणून पहिला प्रश्न हाच: दिवा उभ्या गाडीत लागतो की पळत्या?

उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये लागत असेल तर भानगड हवेची आहे. एसी लावल्यावर काही सेकंदांत फॅन फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात आणि पहिला स्पीड एका रेझिस्टरवरून मिळतो. तो जळला की फॅन थेट दुसऱ्या स्पीडलाच, म्हणजे फार उशिरा, जागा होतो. फॅन बरोबर असेल तर जाळी बघा, पण समोरून नाही. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. खरी घाण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसते. माझ्या गाडीचा कंडेन्सर पुढं सरकवला तेव्हा मधे धूळ, वाळकी पानं आणि कापसाचे तंतू मिळून अक्षरशः गोधडी झाली होती. कोराडी-खापरखेड्याकडे रोजचं जाणं-येणं असेल तर त्यात राखही धरा. पाण्यानं धुवा, पण वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं जवळून मारू नका, पातळ पत्रे आडवे होतात आणि मग हवा कायमची अडते.

सिग्नलला ठीक आणि समृद्धीवर १२० ला किंवा सिवनीकडे कुरईचा घाट चढताना लागत असेल, तर फॅनचा संबंध कमी. तिथं हवा भरपूर असते, पाणी फिरत नसतं. रेडिएटर आतून क्षारानं भरलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, किंवा वॉटर पंप थकलेला. आपल्याकडे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाण्यातलं मिश्रण) कमी झालं की बोअरचं पाणी ओतायची सवय आहे आणि त्याचे क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं, तिथून सुकलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं समजा. काही पंपांतला प्लास्टिकचा पंखाच दांड्यावर सैल होतो, तो मात्र बाहेरून दिसत नाही.

हिवाळ्यात का नाही लागत, असं तुम्ही विचाराल. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेर डिसेंबरातली सकाळ १५ ची, तर फरक ८० चा. मेमध्ये बाहेर ४५, म्हणजे फरक ५० चा. रेडिएटर उष्णता टाकतो ती ह्या फरकाच्या जोरावर, म्हणजे त्याची ताकद आपोआप तीन-अष्टमांशानं घटते. वर एसी लावला की कंडेन्सरनं तापवलेली हवा त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे सिस्टिम थोडी जरी दुबळी असली तरी हिवाळ्यात निभावून जाते आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, उघडी पडते.

आता एक शंका आधीच फेडून घ्या: इंजिन खरंच तापतंय का? काटा मध्यावर आहे म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. बऱ्याच गाड्यांत तो साधारण ८० ते १०५ पर्यंत मुद्दाम एकाच जागी बसवलेला असतो. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणारा सॉकेट) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि मोबाइलवर कूलंटचा आकडा बघत चार दिवस फिरा. दिवा लागला तेव्हा आकडा ९० च असेल तर दोष वायरिंगचा किंवा सेन्सरचा. काही गाड्यांत तोच दिवा कूलंटची पातळी कमी झाल्यावरही लागतो, मॅन्युअलमध्ये बघा. तसं असेल आणि दिवा फक्त वळणावर किंवा चढावर लागत असेल, तर टाकीत कूलंट थोडं कमी आहे, इतकंच.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाकडे कोणी बघत नाही. त्याची स्प्रिंग साधारण १ बारचा दाब धरते, आणि त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. स्प्रिंग ढिली झाली की दाब टिकत नाही, पाणी आधीच उकळतं आणि ओव्हरफ्लोनं बाहेर जातं. सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, पहिल्यांदा तीच बदला.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, नागपुरात काय गरज’ हा सल्ला तुम्हाला मिळणारच, अजून मिळाला नसेल तर आश्चर्य आहे. काढला की हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, काजळी वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट सताड उघडी राहते, अर्धं कूलंट रेडिएटरला न शिवताच परत फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

रस्त्यात दिवा लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. मेमध्ये हे वाचूनच घाम फुटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. आकडा खाली आला नाही, किंवा वाफ-पाणी दिसलं, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. कूलंटच उरलं नसेल तर आयडलवर ठेवून गार होत नाही. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आणि तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी मारू नका, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, वाकतं.

राहिला हेड गॅस्केटचा प्रश्न. डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे गॅस्केट थोडं जरी फुटलं तरी सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतो. ऑइलमध्ये पाणी किंवा पांढरा धूर दिसेलच असं नाही, आणि पांढरा धूर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटनं गार करणारा भाग) गळला तरी येतो. निळ्या द्रवाची एक टेस्ट मिळते, टाकीच्या तोंडावर धरायची, गॅस असेल तर द्रवाचा निळा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. हेड उघडण्याआधी मिस्त्रीकडून ही करून घ्याच.

पण त्याच्याही आधी, उद्या सकाळी किल्ली लावण्यापूर्वी बॉनेट उघडा आणि रेडिएटरचा वरचा होस (रबरी नळी) दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा होस मऊ असायला हवा. मग इंजिन सुरू करून दोन मिनिटांनी पुन्हा दाबा. होस अजून गार आहे पण टणक झाला, किंवा टाकीत सारखे बुडबुडे येताहेत, तर तुमचा दुसरा मिस्त्री बरोबर आहे, गाडी फिरवणं थांबवा. मऊच राहिला तर एसी लावा आणि फॅनकडे बघत उभे राहा.