डिस्पोजलच्या जुन्या जीपचे हेडलाईट मध्येच विझतात. सगळे वायरिंग काढून गाडी बारा व्होल्टची करावी का?

आपण लिहिले आहे की वडिलांच्या डिस्पोजल, म्हणजे लष्कराने वापरून विकलेल्या, जीपचे हेडलाईट मंद लागतात, धावत्या गाडीत विझतात आणि थोड्या वेळाने आपोआप लागतात, आणि वायरमनने सगळे वायरिंग काढून गाडी बारा व्होल्टची करायला सांगितले आहे. माझे उत्तर ‘करू नका’ असे आहे. हेच उत्तर मी १९८८ साली आमच्या दाजींना दिले होते आणि त्यांनी ते ऐकले नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे महायुद्धाच्या काळातली विलीज एमबी होती, मूळची सहा व्होल्टची. त्या वर्षी कोजागरीला दोन दिवस असताना दाजी आणि मी तुळजापूरहून रात्री सोलापूरला परतत होतो. घाट उतरताना दोन्ही हेडलाईट एकदम गेले, मनात दहा अंक मोजेपर्यंत अंधार राहिला आणि दिवे पुन्हा लागले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. समोरून देवीला चालत निघालेले भाविक अनवाणी येत होते, त्यामुळे माझ्या अंगाला घाम फुटला. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, “सहा व्होल्टचं खेळणं हाय हे, ह्यात दुसरं काय व्हनार?” मी ॲमीटरकडे, म्हणजे बॅटरीत येणारी-जाणारी वीज दाखवणाऱ्या मीटरकडे, पाहत होतो. दिवे जाण्याच्या क्षणी काटा डिस्चार्जच्या टोकाला आपटत होता. डिपर मारल्यावर मात्र काटा जागेवर आला आणि घरापर्यंत दिवे एकदाही विझले नाहीत. म्हणजे दोष अप्परच्या, लांबच्या झोताच्या, वायरीत होता, हे मला सात रस्त्याला पोहोचण्यापूर्वीच कळले होते.

या गाड्यांत दिव्यांच्या स्विचमागे तापून तुटणारा आणि गार झाल्यावर पुन्हा जुळणारा सर्किट ब्रेकर असतो. फ्यूज उडाला की चालक अंधारातच राहतो. ब्रेकरमुळे निदान मधूनमधून रस्ता दिसतो. आपले दिवे ठरावीक अंतराने जात-येत असतील तर ब्रेकर आपले काम करीत आहे आणि कोठेतरी वायर बॉडीला लागत आहे, असे समजावे.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत कामावर असताना दाजींनी मला न विचारता जीप एका मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने बारा व्होल्टची बॅटरी आणि बारा व्होल्टचे दिवे बसवले, नऊ दिवस गाडी अडकवून ठेवली, आणि दहाव्या दिवशी अक्कलकोट रोडवर दिवे पूर्वीसारखेच विझू-लागू लागले. मग रविवारी टेस्ट लॅम्प घेऊन मी स्वतः बसलो. एमबीचे हेडलाईट बिजागरीवर असतात. चाकी सैल केली की दिवा उलटा फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. ही सोय आम्ही शेतात शेकडो वेळा वापरली होती. डाव्या दिव्याच्या बिजागरीत अप्परची वायर चिमटून तिचे सुती वेष्टण झिजले होते आणि अर्ध्या नखाएवढे तांबे चकचकीत उघडे पडले होते. खड्ड्यात गाडी आपटली की ते पत्र्याला टेके. एक बोटभर स्लीव्ह घातली आणि वायरीला फिरण्यापुरती ढील ठेवली. त्यानंतर दिवे विझले नाहीत. दाजी आजही लग्नकार्यात सांगतात की बारा व्होल्ट केल्यामुळे गाडी सुधारली.

दिवे मंद लागणे हा याच्या अगदी उलट दोष आहे: तेथे वीज जास्त वाहत नाही, ती अडते. ४५ वॅटचे दोन दिवे सहा व्होल्टवर १५ अँपिअर ओढतात, बारा व्होल्टवर साडेसात. वाटेत ०.०५ ओहमचा गंज असला तर सहा व्होल्टच्या गाडीत पाऊण व्होल्ट वाटेतच जातो आणि उजेड एक तृतीयांशाहून अधिक घटतो. बारा व्होल्टवर तोच गंज जाणवत नाही, आणि मिस्त्री लोकांना त्याचे श्रेय मिळते! दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी दिव्याच्या अर्थच्या पिनवर धरावी. दोन दशांश व्होल्टहून अधिक दिसले तर दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे दिव्याकडून बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेत, आहे. आपल्याकडे हौसेने गाडी रंगवताना अर्थिंगच्या बोल्टखालीही रंग जातो. तेथे पत्रा उघडा होईपर्यंत घासावे. नंतर पायाखालचा डिपर स्विच पाहावा, कारण चिखल आणि पाणी सगळे तेथेच जाते. इंजिन मंद फिरत असताना दिवे थोडे उतरणे हा दोष नाही, डायनामो त्या वेळी पुरेसे देत नाही.

लाईटचा स्विच पूर्ण ओढला जातो का, हेही बघा. युद्धातल्या ब्लॅकआऊटमध्ये, शत्रूपासून उजेड लपवायचा असताना, चुकून मोठे दिवे लागू नयेत म्हणून त्याला खटका असतो, आणि तो दाबल्याशिवाय दांडा पुढे येत नाही.

आता काही गोष्टी मला मान्य केल्या पाहिजेत. आपली गाडी कोणती हे आपण लिहिलेले नाही. १९५० नंतरची एम-३८ असेल तर ती मुळातच २४ व्होल्टची आहे आणि वरचे आकडे तिला लागू नाहीत. ब्रेकर म्हातारा होऊन विनाकारणही तुटतो. सुती वेष्टण हाताला लागताच भुगा होत असेल तर वायरमनचे निम्मे म्हणणे बरोबर आहे: वायरिंग बदला, पण जुन्याइतक्याच जाडीची वायर घाला. शिवाय सहा व्होल्टचे सीलबीम (काचेसकट एकसंध हेडलाईट) आता सहज मिळत नाहीत, आणि बारा व्होल्ट करण्याचे तेवढे एक कारण मला पटते. तसे करायचेच ठरले तर डायनामो, कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा) आणि ठिणगीची कॉइल यांचाही खर्च वायरमनकडून आधी लिहून घ्या. आमच्या मिस्त्रीने नुसती बॅटरी आणि दिवे बदलले होते, आणि महिन्याभरात कॉइल जळाली. तिचे पैसे दाजींनी दिले नाहीत.